टाका

३ फेब्रुवारी, सोमवार

"अगं बाई, खिसे!" म्हणाली टायपिस्ट, आणि ऑफिसच्या जिन्यातच दोन्ही हात खिशांत घालून गोल गोल फिरली. मी शिवलेल्या झग्यात! मी!! आजवर घरच्यांखेरीज कुणी माझं शिवलेलं अंगाला लावलं नव्हतं.

दुपारपर्यंत तिघींनी मापं दिली. माझ्या टेबलाशी रांग म्हणजे पत्रं घेऊन आलेल्यांची. कागद घ्यायचा, आवकचा शिक्का मारायचा, नंबर घालायचा, पुढे ढकलायचा. चौदा वर्षं तेच. आज पहिल्यांदा कुणीतरी माझ्यासाठी रांगेत होतं.

५ फेब्रुवारी

माझ्या झग्यांचं नाव ठरलं – टाका! छोटं, सुटसुटीत.

नवरा म्हणे, "टाका? कुठे टाका?" आणि स्वतःच खो खो हसला. हसू दे मेला.

९ फेब्रुवारी, रविवार

लेबलं आली. मी लिहून दिलं होतं – वर 'टाका', खाली 'थंड पाण्यात धुवा'. छापणाऱ्याने सगळं एका ओळीत छापलं – 'टाका थंड पाण्यात. धुवा.' दोनशे लेबलं! सासूबाईंनी मोठ्याने वाचलं आणि इतक्या हसल्या की चष्मा घसरून मांडीवर पडला. "लाव तशीच," म्हणाल्या, "खोटं काहीच लिहिलेलं नाही."

पहाटे उठून एका झग्याला दोन डाव्या बाह्या कापल्या. कापड दुमडायचंच विसरले. तरी रडू येईना! काय झालंय मला?

१३ फेब्रुवारी

आज आमच्या मोठ्या बाई टेबलाशी आल्या. सगळ्या ऑफिसचे कागद त्यांच्या लाल शाईतून जातात, आणि शाईच बोलते, बाई बोलत नाहीत. माझ्या खांद्यावरचा निळा दोरा चिमटीत धरला, उजेडात बघितला, माझ्याच टेबलावर ठेवला आणि गेल्या.

नोकरीत असताना दुसरा धंदा चालत नाही. नियमच आहे. इतके दिवस मीच स्वतःला सांगत होते, हा कुठला धंदा, हा तर छंद! पण अकरा झगे म्हणजे छंद नव्हे. मलाही कळतं.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

टायपिस्टकडून नवी ऑर्डर. गडद निळा, मोठं माप, खिसे खोल. "कुणाचा?" तर म्हणे, "नाव विचारायचं नाही अशी अट आहे." असेल कुणी लाजरी.

नवऱ्याला म्हटलं, दोन्हीकडे जीव ओढतोय, एक काहीतरी सोडायला हवं. म्हणाला, "मग टाक की राजीनामा!"

"आणि नाही चालला धंदा, तर?"

"तर उरलेले झगे मी घालीन."

त्या घेरात दिसेल कसा हा! हसून हसून पोट दुखलं. पण चौदा वर्षं ती खुर्ची माझी आहे. खिडकीजवळची. भीती वाटते. खरंच वाटते.

२२ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी राजीनामा लिहिला. नुसता, कसा दिसतो बघायला! तारीखबिरीख नाही. खाली सही केली आणि काय सांगू, अंग एकदम हलकं झालं. चार ओळी तर होत्या.

निळा झगा तयार. अंगावर चढवून आरशासमोर तीन गिरक्या घेतल्या. खिसे मस्त! संध्याकाळी टायपिस्ट येऊन घेऊन गेली. घडी घालून बांधून ठेवला होता सासूबाईंनीच.

२३ फेब्रुवारी

कागद सापडत नाही. गादीखाली नाही, चिंध्यांच्या पिशवीत नाही, मशीनच्या खणात नाही. नवरा म्हणतो, त्याने पाहिलाच नाही.

तोच दिवस, जरा नंतर – आठवलं!!! खिसा किती खोल झालाय बघायला हाताशी होता तो कागद घडी करून आत सारला होता. पुरता बुडाला म्हणून टाळ्यासुद्धा वाजवल्या. आणि मग गिरक्या.

सासूबाई म्हणाल्या, "मी कशाला खिसे चाचपू? नव्या झग्याच्या खिशात कोण काय ठेवतं?"

टायपिस्टला फोन लावला. "झगा कुणाचा, आत्ताच्या आत्ता सांग." ती हळूच म्हणाली, "मोठ्या बाईंचा."

फोन ठेवून घरात सांगितलं. नवरा उशीत तोंड खुपसून हसतोय. आणि खरं सांगू? मलाही आवरेना. उद्या काय होईल ते होवो.

२४ फेब्रुवारी, सोमवार

मोठ्या बाई आल्या. निळ्या झग्यात! दोन्ही हात खिशांत. माझ्याकडे पाहिलंही नाही.

अकरा वाजता त्यांच्या केबिनमधून आवक करायचे कागद आले. सगळ्यांत खाली माझा. चार घड्या पडलेला. सहीखाली लाल शाईत दोनच शब्द –

'तारीख टाका.'

टाकली. आजची. मग शिक्का उचलला आणि माझ्याच हाताने मारला.