पाठीवरची रेघ

हमदी,
पहाटे स्वयंपाकघरात पेले किणकिणले म्हणून उठले. तुझी आई तापाने थरथरत हिजामाचे, चिरा देऊन रक्त ओढायचे पेले लपवत होती. काल मावशींच्या पाठीचं रक्त ओढलेले तेच पेले नुसते पुसून त्यांनी स्वतःला लावून घेतले. म्हणतात, "सख्ख्या बहिणीचं रक्त, परकं थोडंच आहे?"

त्यांच्या पाठीवर चिरेभोवती लाली पसरली होती, तिच्या कडेने मी पेनाने रेघ ओढली. भाकऱ्या होईपर्यंत लाली रेघेपलीकडे गेली. एवढीशी चीर, आणि आत शिरलेलं काहीतरी माझ्या डोळ्यांदेखत चालत होतं. मी बघतच राहिले.

त्यांना इस्पितळात नेतेय. तू आधी मावशींची पाठ बघ, हे तिथूनच आलं असेल. आईंना बोलू नकोस, त्या आधीच ओशाळल्यात. मसूर चुलीवर आहे.

आपली बुसैना दारात चपला घालून विचारतेय, "आई, आणखी जाड रेघ काढली तर ते थांबेल ना?"