बाबांची दिवसाची झोप

प्रिय आई,

तुला आणि बाबांना नमस्कार. मी मजेत आहे, खोकलाही आता जवळजवळ गेलाय.

नजर पूर्ण गेल्यापासून बाबा दिवसा झोपतात आणि रात्री घरभर चाचपडत फिरतात, मुद्दाम छळतात, असं तू लिहिलंस. मी आमच्या चष्म्याच्या दुकानातल्या डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "अगं, शरीराचं स्वतःचं एक घड्याळ असतं. ते रोज थोडं मागे पडतं आणि डोळ्यांत शिरलेला सकाळचा उजेड ते पुन्हा जुळवतो. तुझ्या बाबांच्या घड्याळापर्यंत आता उजेडच पोचत नाही."

आई, मी काउंटरमागे जाऊन रडले. आपण त्यांना हट्टी म्हणत होतो गं.

यावर औषध असतं, तिथल्या डॉक्टरांना नक्की विचार. तोवर चहा, जेवण, फिरणं ठरल्या वेळी होऊ दे, त्याचाही आधार होतो म्हणे. आणि तुझी कंबर? तुला झोप मिळते ना?

परवा फोनवर बाबांनी मला हळूच विचारलं, "आत्ता सकाळ आहे की रात्र? तुझ्या आईला सारखं विचारायला लाज वाटते गं."

त्यांनी न विचारताच सांगत जा.

तुमची,
धाकटी