आई बरी आहे

जोहे, ता. पेण
३ जानेवारी २०२६

प्रिय प्रणितदादा,

अनिताचा नमस्कार. तू आणि उज्ज्वलावहिनी सुरतला मजेत असाल. इथे यंदा थंडी बरी पडली आहे. आपल्या शिवाच्या मूर्तींच्या कारखान्यात या दिवसांत माघी गणपतीची घाई असते, पण सध्या काम बंद आहे.

वर श्री लिहिलेलं नाही, ते विसरून नाही.

एक तारखेला तुझा मेसेज आला, ‘नवीन वर्षाच्या शुभेच्छा. आई कशी आहे?’ मी लिहिलं, ‘तुलाही शुभेच्छा. आई बरी आहे.’ गेली आठ वर्षं तू एवढंच विचारतोस आणि मी एवढंच लिहिते.

आई त्याच्या दोन दिवस आधी गेली. मंगळवारी दुपारी, पेणला दवाखान्यात. शिवाने तिला जोह्याला आणलं आणि आपला चुलत भाऊ म्हणून त्यानेच अग्नी दिला.

हे फोनवर सांगायला हवं होतं. दोनदा नंबर काढला. पण तुझ्या नावाखाली माझंच ते उत्तर दिसतं आणि बोट पुढे जात नाही.

एक तारखेला मी कपडे आणायला रोह्याला घरी गेले होते. तिथे अजून कुणाला काही माहीत नव्हतं. जिन्यात शेजारच्या विमलबाई म्हणाल्या, “हॅपी न्यू इयर गो अनिता. थर्टी फर्स्टला काय केलंस?”

“काय नाय, घरीच.”

कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्या साहिलने हाक मारली. “ताई, नवीन वर्षाच्या शुभेच्छा. आई कशा आहेत?”

“बरी हाय,” मी म्हणाले. त्याने आईसाठी बाजूला ठेवलेलं डायपरचं पाकीट काढून दिलं. मी ते घेतलं. एसटीत ते मांडीवर ठेवून बसले होते. नागोठण्याला गाडी थांबली तेव्हा तुझा मेसेज आला.

डायपर कशाला, असं तुला वाटेल. तीन वर्षांपूर्वी तिला अर्धांगवायू झाला, उजवी बाजू गेली. तेव्हापासून ती माझ्याकडेच होती. तुला कळवलं नाही, कारण तिनेच बजावलं होतं, “त्याला माझी ही दशा सांगू नको.” तुझ्या लग्नाच्या वेळी तिने दार लावून घेतलं होतं. अंथरुणावरून हाक मारायची तिला लाज वाटत असेल. हे खरं आहे, पण सगळं खरं हे नाही.

साहिलला बोलले ते सवयीने. तुला लिहिलं ते सवयीने नाही.

सत्तावीस तारखेला पेणच्या दवाखान्यात ती म्हणाली, “प्रणितला बोलव गो.” जीभ जड झाली होती, तरी तुझं नाव तिने स्पष्ट घेतलं. मी फोन घेऊन बाहेर गेले, पाण्याच्या नळापाशी थोडा वेळ उभी राहिले आणि नंबर न लावताच परत आले.

“लागत नाय, आये.”

संध्याकाळी तिने पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच सांगितलं. तिसऱ्यांदा तिने विचारलं नाही. शिवालाही मी फोन लागत नाही असंच सांगितलं, म्हणून तो तुझ्यासाठी थांबला नाही.

तीन वर्षं मी तिला भरवलं, धुतलं, कुशीवर वळवलं. मला बघून तिचा चेहरा कधी उजळला नाही. तुला बघून उजळला असता, आणि ते मला बघायचं नव्हतं. कारण एवढंच. कागदावर उतरवलं तर फारच छोटं दिसतंय.

रडू येत नाही. माणसं येतात, बसतात, शेजारच्या घरून चहा येतो. पेला हातात धरून मी बसते. हात भाजतोय हेही उशिरा कळतं.

गुरुवारी, आठ तारखेला दहावा आहे, इथेच. पत्र आजच स्पीड पोस्टाने टाकते, म्हणजे मंगळवारपर्यंत तुला मिळेल. वहिनींना घेऊन ये. शिवा सगळं करायला तयार आहे, पण ती जागा तुझी आहे. त्याला मी अजून खरं सांगितलेलं नाही. तू आलास की सगळ्यांच्या समोर सांग. मी तिथेच बसलेली असेन, उठून जाणार नाही.

तू म्हणशील ती,
अनिता