लोण्याच्या कोकराची झडती

वडील मावसबंधू ओरेस्तदादा यांस धाकट्या झेनॉनचा नमस्कार. ख्रिस्त उठला आहे. (खरोखर उठला आहे, हे उत्तर तू मनात दे.) इकडे सगळे बरे. तुझा गुडघा कसा आहे? तुझी आई, म्हणजे आमची पारास्कामावशी, टोरांटोला सुखरूप पोचली. पण कोकराशिवाय पोचली म्हणून तू माझ्यावर चिडला असशील. तिचं ऐकलंस, आता माझंही ऐक.

ईस्टरची पहाटेची प्रार्थना संपताच, पाद्रीबाबांनी आशीर्वाद दिलेली टोपली घेऊन मावशी माझ्याच गाडीतून थेट आमच्या विमानतळावर आली. सामान तपासायला नेमका मी. टोपलीत पास्का पाव, अंडी आणि ती दर वर्षी करते ते लोण्याचं कोकरू, डोळ्यांच्या जागी लवंगा. यंत्राच्या पडद्यावर लोणी म्हणजे नारिंगी गोळा, स्फोटकंही तशीच दिसतात, आणि तसल्या गोळ्याला भ्यायचं हेच आम्हाला शिकवलंय. (मोठ्या विमानतळांवर म्हणे नवी यंत्रं आली, बाटल्या पिशवीतच राहतात. म्हणजे एकच लोणी तुमच्याकडे निरपराध आणि आमच्याकडे संशयित. यावर आमच्या चहाच्या खोलीत महिनाभर वाद चाललाय.)

आमची मुख्य, मारिविक, मनिलाकडची, सज्जन बाई. ती म्हणाली, "आजी, हे पातळ पदार्थांत धरतात."

"पातळ? चार पायांवर उभं आहे ते. माझा नवरासुद्धा सणाच्या दिवशी इतका सरळ उभा राहत नसे."

मारिविकने हातमोजा घालून कोकराच्या पाठीवर बोट टेकवलं. बोट आत गेलं. माझ्याच गाडीतल्या हीटरने घात केला होता.

आता पाहा, दादा. काढून घेतलेली वस्तू कचऱ्यात टाकायची, कर्मचाऱ्यांनी तोंडाला लावायची नाही, हा नोकरीचा नियम. आणि आशीर्वादाचं अन्न कचऱ्यात टाकायचं नाही, खायचं किंवा पुरायचं, हा देवाचा. बाहेर जमीन अजून गोठलेली. मी डब्यासमोर कोकरू घेऊन उभा राहिलो आणि मनात प्रार्थना म्हटली. मागे रांग वाढत होती.

"झेन्को, देवाला कशाला त्रास देतोस?" मावशी म्हणाली. "माणसं भुकेली आहेत, पाव आहे."

तिने पास्का हातानेच मोडला. चाकू कुठला, आमच्याकडे आणि चाकू! एका ट्रकवाल्या सरदारजींनी विमानाच्या तिकिटाने लोणी लावलं, शाळेच्या हॉकीसंघाने मागचे दोन्ही पाय संपवले. मारिविक घड्याळ पाहून म्हणाली, "माझी चहाची सुट्टी सुरू झाली." मग हातमोजा काढून, दोरीपलीकडे प्रवाशांत जाऊन तिने कान खाल्ला. मी कामावर होतो, मी खाल्लं नाही. मावशीने दोन लवंगा रुमालात बांधल्या आणि विमान गाठलं. तेव्हा कोकरू वाया गेलं नाही, एवढंच सांगायचं होतं. मुलांना आशीर्वाद.

तुझा,
झेनॉन

ता. क. टोपलीच्या तळाशी, भरतकामाच्या फडक्याखाली, बीट घातलेल्या हॉर्सरॅडिशच्या, म्हणजे त्या झणझणीत मुळाच्या, चटणीची बरणी होती. कोकराच्या गडबडीत ती पडद्यावर माझ्या नजरेतून सुटली. जाताना मावशी हसली ती का, हे मला रात्री जेवताना, टेबलावर चटणी नाही हे पाहून कळलं. शंभर मिलीलीटरपर्यंत चालते. त्याहून जास्त असेल तर गुरुवारी मारिविकपुढे आणि शनिवारी पाद्रीबाबांपुढे मला कबुली द्यावी लागेल. तेवढी बरणीतली चटणी मोजून खरं माप कळव. खोटं लिहू नकोस, मला झोप लागणार नाही.

आणखी एक. मोजण्याची घाई नाही. आधी सगळ्यांनी पोटभर खा, मग उरेल ती मोज.