वीतभर बांध

गुरुजी, शाळेच्या दोन नव्या खोल्या बांधून झाल्या. जुन्या तिन्हींवर नवे पत्रे चढले, खाली फरशी आली. मी आता तुमच्याच खुर्चीत मुख्याध्यापिका म्हणून बसते. खरं तर आनंदाचं पत्र लिहायला हवं होतं. पण माझं डोकं फिरलंय, आणि त्यातला अर्धा राग तुमच्यावर आहे.

पहिलीच्या वर्गात तुम्ही भिंतीला खालून आमच्या खांद्यापर्यंत काळा पट्टा दिला होता. आम्ही घरून बॅटरीचे संपलेले सेल आणायचो, तुम्ही त्यातला काळा भुगा कुटून पाल्याच्या रसात कालवायचात आणि भिंतीला फासायचात. मग खडूच्या रेघा मारून प्रत्येकाला लिहायला वाटणी. एका शनिवारी मी ओल्या फडक्यानं शेजारच्या मुलाची रेघ पुसली आणि वीतभर पुढं सरकवली. तुम्ही कान धरून मला वर्गासमोर उभं केलंत. "आत्तापासूनच बांध कोरतीस व्हय गं? मोठी झाल्यावर गाव खाशील!" सगळा वर्ग हसतोय. माझ्या बापाला कोरायला बांधच नाही, तो दुसऱ्याच्या रानात मजुरीला जातो, हे तुम्हाला माहीत आहे, तरी तुम्हीही हसताय.

तोच शेजारचा मुलगा आज शाळा समितीचा अध्यक्ष आहे. त्याचं रान शाळेला लागून. मी प्रशिक्षणासाठी तीन दिवस नांदेडला गेले, तेवढ्यात त्यानं कुंपणाच्या भिंतीची दोरी चार फूट आत घेतली. परत आले तर भिंत उभी. नव्या खोलीची खिडकी आता थेट विटांवर उघडते. भर दुपारी पहिलीच्या लेकरांना पाटीवरचं दिसत नाही, आणि दिवसा लाईट असते कुठं?

मी भांडले. बैठकीत तो म्हणाला, "बाई, चार फुटानं काय व्हतंय? लेकरं काय तिथं ज्वारी पेरून राहिलीत? अन् तुम्ही माझी वीतभर भिंत खाल्ली व्हती, ते इसरलात का?" सगळे हसले. मीही हसले, गुरुजी. आणि काम पूर्ण झाल्याच्या कागदावर सही केली.

त्याचे वडीलही असेच. दरवर्षी नांगरताना शाळेच्या बांधाचं नांगराच्या रेघेएवढं एकेक तास पोटात घालायचे. तुम्ही व्हरांड्यातून बघायचात, आणि संध्याकाळी त्यांच्याच अंगणात बसून चहा प्यायचात. धरायला कान तेवढा माझाच सापडला तुम्हाला!

हे पत्र कुठं जायचं नाही. हा कागदही तुमच्यासाठी काढला नव्हता. वर "प्रति, गटशिक्षणाधिकारी" असं लिहून खोडलंय. तक्रार लिहायला बसले, पण अध्यक्षाचं नाव घालायची भीती वाटली. तुमच्यावर चिडायला भीती वाटत नाही, म्हणून तुम्हाला लिहिलं.