तान्ह्याचा विमानप्रवास

नंदुरबार, मार्गशीर्ष वद्य चतुर्थी, शके १८६८

चंद्राच्या बेशिस्तीची तक्रार कुणाकडे करावी? संकष्टीला, नेमके पोटात कावळे ओरडत असताना, हा उशिरा उगवणार.

अंगणात त्याचीच वाट पाहत बसलो होतो. उद्या आमची मुलगी कुसुम तान्ह्या लेकाला घेऊन कराचीहून मुंबईला विमानाने येणार. ही शेजारच्या सोनाबाईंना सांगत होती, "बाळाला मोठी तीट लाव म्हणून कळवलंय."

"वर आभायमा नजर कोनी लागी वं बाई?"

"खालचं सगळं गाव मान वर करून बघणार ना!"

मी म्हटलं, पुराणांत विमानं पुष्कळ, पण तान्हं घेऊन बसलेली आई एकही नाही. देवांनाही रडणं सोसत नसावं. दोघी हसल्या.

कुसुमने लिहिलंय, वर गेल्यावर बाळं गाढ झोपतात म्हणे. तेवढं वाक्य हिला वाचून दाखवलं नाही. आमचा थोरला खांडबाऱ्याकडून बैलगाडीने येताना असाच हिच्या मांडीवर निजला होता. झोप मोडू नये म्हणून वाटभर आम्ही कुजबुजत होतो. गाडी दारात थांबली, तेव्हा कळलं, ती झोप नव्हती.

गाढ झोपतात म्हणे.

मला भीती वाटते आहे. पोराने कराचीपासून मुंबईपर्यंत रडत यावं.