लाल गाडीचा पिकअप

४ जानेवारी, रविवार
डोकं फिरलं हाये. चिखलदऱ्याच्या घाटात माही लाल गाडी थांबली. बंद नाई पडली, फक्त वर जायले तयार नोती. प्रणाली अन् दोनी पोरी उतरून पायी चालल्या. मागून साडू प्रीतम आला. अमरावतीले राहते, गाडी ट्रकएवढी, घमंड त्याहून मोठी. काच खाली करून म्हने, साडभाऊ, धक्का मारू का? त्याची बायको चंदा, म्हंजे प्रणालीची बहीन, म्हने, ताई, इकडं ये. अन् ही बसली! माह्या डोळ्यादेखत!
पंचवीस तारखेले सारे पुन्हा तिथंच चालले. प्रणालीले म्हनलं, तवा तू माह्या बाजूले बसशीन अन् त्याच्या आधी वर पोचशीन. ती म्हने, कोनाले उतरा लागलं नाई तर बसीन. ठरलं!

६ जानेवारी
मोबाइलवर सतरा व्हिडिओ पाह्यले. स्वस्तात पॉवर वाढवाचे उपाय. बजेट पाच हजार, त्याच्या वर एक रुपया नाई.
प्रणाली म्हने, आधी बोनेट उघडा, उंदरं शिरले असतीन. भाव वाढन म्हनून दिवाळीपासून कापूस पडवीत भरून ठेवला हाये, गाडीबी तिथंच उभी रायते. हिले इंजिनातलं काय समजते? पंधरा वर्षांपासून गाडी मी चालवून राहिलो.

९ जानेवारी
अकोल्याले पिंटू मिस्त्रीकडं गेलतो. म्हने, एअर फिल्टरचा डबा उघडून पाहतो, पैसे नाई घेत. फुकट म्हंजे काहीतरी काळंबेरं! मी काय कालचा हाये? डब्याले हात लावू देल्ला नाई. नवे प्लग अन् स्पोर्ट्स सायलेन्सर बसवून घेतला. आवाज असा, का कुत्रे पळाले.
परतताना पुलाच्या चढावर सायकलवाल्यानं ओवरटेक केलं. वारा समोरून होता.

१३ जानेवारी
पेट्रोलमंदी पॉवर वाढवाच्या औषधाची बाटली ओतली. हिवरखेडच्या बसस्टँडपुढून पूर्न ताकदीनं गेलो. शेजारचे महादेवराव म्हने, बावा, गाडी चालून राहिली का भांडून राहिली? मानसाची प्रगती लोकायले पाहवत नाई.

१८ जानेवारी
खरी गोष्ट समजली. वजन! स्टेपनी, जॅक, मॅट, सारं काढलं. मंग मागची सीटबी काढली. पोरी म्हने, बाबा, आमी कुठं बसू? म्हनलं, चटईवर, सहलच त हाये. लहानी रडाले लागली. या घरात सायन्स कोनालेच नको.

२४ जानेवारी, संध्याकाळ
प्रीतम मुक्कामी आला. सीट पाहून हसला. हस लेका, हस!
सारे जेवाले बसले तवा पुढची डावीकडची सीटबी काढली. प्रणालीले सांगतलं नाई. तिच्यासाठी गादीवरची उशी ठेवली. जीव असला तर मानूस उशीवरबी बसते.

२५ जानेवारी, सकाळ
गाडी खोकलली अन् बंद. प्रीतम दात काढून उभा. प्रणाली नवी साडी नेसून, जेवनाचा डबा घेऊन आली. डबा खाली ठेवला, बोनेट उघडलं, फिल्टरच्या डब्याच्या क्लिपा काढल्या. आतून कापूस निंघाला. माहाच, एक नंबर! ओंजळीवर ओंजळ. मधात उंदराचे पाच पिल्लं. तिनं ते कापसासकट टोपल्यात ठेवले, हात धुतले अन् म्हने, लावा आता.
काय उचलली बाप्पा गाडी! मी ओरडलो, पाह्य, झाली का नाई पॉवर!
तिनं डाव्या बाजूचा दरवाजा उघडला. लय वेळ उशीकडं पाहत राह्यली. मंग म्हने, मी बसालेच आलती. डबा उचलला, पोरीयचा हात धरला अन् प्रीतमच्या गाडीत जाऊन बसली.

तोच दिवस, दुपार
घाट तिसऱ्या गिअरवर चढलो. वळनावर प्रीतमले मागं टाकलं. जोरात हॉर्न वाजवला. प्रणाली खिडकीशी होती, तिनं पाह्यलं नाई.
वर पहिला पोचलो. थंडी हाये. भूक लागली, डबा तिच्याजवळ हाये. खूप वाईट वाटून राहिलं, अन् चिडाले कोनी सापडून नाई राहिलं. उशी काढून दगडावर ठेवली अन् बसलो. ते लोक अजून आले नाई.